सगुणाचा टाक

"काढ गळ्यातनं," रविराज म्हणाला. "तिची जागा घेतलीस, आता तिला तरी सोड."

गिताबाई ओट्यावर हरभरे निवडत होती.

राहू गावात बिरोबाच्या देवळामागे रविराजने संग्रहालय उभं केलं होतं. नदीकाठच्या धनगरवस्त्यांवरून देवाचे ढोल, घोंगड्या, घरोघरचे टाक त्याने गोड बोलून गोळा केले होते. सगळं गोड बोलणं बाहेरच्यांसाठी. संग्रहालयातलं एक काचेचं कपाट त्याने आईसाठी रिकामं ठेवलं होतं. सगुणा वारली तेव्हा तो रांगत होता. तिचा फोटो कुणी काढला नव्हता. तिचा टाक, चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली तेवढी एक मूर्ती होती, आणि ती गिताबाईच्या गळ्यात.

दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, रोज आधी तिला अंघोळ घालायची, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, ही घरची रीत. गिताबाईने ती दातओठ खात पाळली. त्या मेलेल्या बाईचा तिने जन्मभर राग केला. पोराला टाकाला कधी हात लावू दिला नाही. पोटच्यासारखा वाढवला, तरी तो मावशीच म्हणत राहिला, आणि भांडण झालं की तेवढंही नाही.

"काचंत ठिवून काय करणार हायेस?"

"माझी आई हाय ती. मला तोंड तरी बघू दे तिचं."

गिताबाईने हिसडा मारून काळा दोरा तोडला आणि टाक त्याच्या हातावर ठेवला. रविराज तो घेऊन उन्हात गेला. त्याने टाक उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. दोन्हीकडून नुसता गुळगुळीत पत्रा होता.

"काय केलंस तू हिचं?" त्याचा आवाज चिरकला.

"रोज धुतली. रोज अंगाला घासली. सोडली असती, तर ऱ्हायलं असतं तोंड."

त्याने टाक ओट्यावर टाकला आणि चपला पायात सरकवल्या. गिताबाईने टाक उचलून त्याचा तुटका दोरा मानेमागे नेला, पण दुखऱ्या खांद्यांमुळे हात पुरेनात. गाठ दोनदा सुटली. तो दारात उभा राहून बघत होता. मग रागारागानेच परत आला, तिच्या मागे बसला आणि दोऱ्याची टोकं तिच्या बोटांतून ओढून घेतली.

"घट्ट बांध," ती म्हणाली.