गवतात बंद पडणारं मशीन

“वहिनी, पुन्हा तेच,” म्हणत माळ्यानं गवत कापायचं मशीन दुकानाच्या पायरीवर आदळलं. “रिकामं, हळू चालवलं की छान चालतं. गवतात घातलं की बंद. दोरी ओढून ओढून माझा खांदा गेला.”

“मागच्या वेळी इथं चालवून दाखवलं होतं ना?”

“इथं चालतं हो. इथं गवत कुठंय?”

आतल्या खुर्चीतून वहिनींचे यजमान, मिस्त्री, म्हणाले, “प्लग असेल.”

गेल्या वर्षी मिस्त्रींना झटका आला आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली. बोलणं परत आलं, हात काही परतला नाही. तेव्हापासून ते सांगत आणि वहिनी करत. फक्त प्लग ते स्वतः बसवत. मशीन गुडघ्यांत धरायचं, डाव्या हातात पाना घ्यायचा आणि ओठ दातांत धरून आवळायचं. तेवढ्या वेळापुरतं दुकान त्यांचं असे, म्हणून वहिनी मध्ये पडत नसत.

“दोनदा बदललाय प्लग,” वहिनी म्हणाल्या. “आणखी किती बदलायचा?”

“मग तू सांग काय ते.”

“माहीत असतं तर सांगितलं नसतं का?”

माळी खाली बघत म्हणाला, “साहेब म्हणालेत, आज नाही झालं तर हॉस्पिटलची सगळी मशिनं दुसरीकडे टाक. माझं तुमच्याशी वाकडं नाही, वहिनी. पण मलाही नोकरी आहे.”

वहिनींनी पदर खोचला. जुनं पेट्रोल काढून ताजं भरलं. बंद करायच्या बटणाची वायर सोडवून पाहिली. ठिणगीला वीज देणारी कॉइल आणि इंजिनाचं फिरतं चाक यांमधलं अंतर जाड कागद सरकवून तपासलं. शेवटी प्लग बाहेर काढला, इंजिनाच्या अंगाला टेकवून दोरी ओढली. टच्च करून निळी ठिणगी पडली.

“दे इकडे,” म्हणून मिस्त्रींनी प्लग पुन्हा बसवला. पाना दोनदा घसरला. माळ्यानं नजर रस्त्याकडे वळवली.

मशीन सुरू झालं. वहिनींनी या वेळी वेग पूर्ण वाढवला, तसं ते ठसकलं आणि गप्प झालं. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच.

“ठिणगी आहे, पेट्रोल आहे, हवा आहे,” वहिनींचा आवाज चढला. “आणखी काय हवंय याला, पाहुणचार?” त्यांनी पायाजवळचा डबा लाथाडला. नट दुकानभर पसरले.

ते गोळा करता करता त्या थांबल्या. प्लग बाहेर असताना ठिणगी पडते, मग आत बसवला की ती कुठे जाते? ती आत जातच नसेल तर?

“दादा, जरा बाहेर थांबा.”

त्यांनी शटर खाली ओढलं. भर दुपारी दुकानात काळोख झाला. चाचपडत दोरी ओढली, इंजिन सुरू झालं. वेग वाढवताच प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर ठिणगीचा निळा धागा वळवळला आणि खालच्या लोखंडात उतरला. पुन्हा उतरला. इंजिन बंद पडलं.

मिस्त्रींनीही ते पाहिलं होतं.

शटर फूटभर उचलून वहिनींनी त्या उजेडात प्लग धरला. नखाला केसाएवढा तडा लागला. टाकाऊ डब्यातला आधीचा प्लग काढून त्यावरही नख फिरवलं.

“तिथंच?” मिस्त्रींनी विचारलं.

“हं.”

“पाना तिरका पडतो माझा.”

वहिनींनी शटर पूर्ण वर केलं.

“काय निघालं?” माळ्यानं विचारलं.

“प्लगच खराब,” वहिनी घाईनं म्हणाल्या. “हल्ली माल फार हलका येतो.”

“माल चांगला होता,” मिस्त्री म्हणाले. “मी आवळताना फोडला. दोन्ही वेळा.”

“काय गरज होती सांगायची?” वहिनी पुटपुटल्या. त्यांना मिस्त्रींचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. नवा प्लग त्यांनी सवयीनं मिस्त्रींपुढे धरला. मिस्त्रींनी मान हलवली.

“बसव तूच. सरळ धर, आणि जोर करू नको.”

वहिनी वाकल्या. मशीन फरशीवर सरकू लागलं, तसं मिस्त्रींनी डाव्या हातानं दांडा धरून ते थोपवलं. प्लग बसला. दोरी एकदाच ओढावी लागली, आणि वेग वाढवला तरी इंजिन बंद पडलं नाही. माळ्यानं समोरच्या कुंपणालगतच्या गवताकडे बोट केलं आणि मशीन न्यायला पुढे आला.

मिस्त्रींचा हात अजून दांड्यावरच होता. इंजिनाची थरथर मनगटातून कोपरापर्यंत चढत होती. माळी शेजारी थांबून राहिला. वहिनींनीही घाई केली नाही.