मीठ जरा कमी

मी चमचा बोलतोय. हसू नका. साहेबांच्या मागेपुढे करणाऱ्यांना माणसांनी माझं नाव देऊन ठेवलंय, त्यात माझा काय दोष? मी जन्मात कुणाची खोटी स्तुती केलेली नाही. भांड्यात बुडायचं, तोंडात जायचं आणि गप्प बसायचं, एवढंच माझं काम. आज मात्र बोलणार आहे. जे मला माहीत आहे ते दुसऱ्या कुणालाच माहीत नाही, आणि गोष्ट पोटात ठेवावी तर मला पोटच नाही.

माझा जन्म कारखान्यातला. मी साधा पत्र्याचा तुकडा होतो. यंत्राने वरून असा दणका दिला की डोक्यात खड्डाच पडला. फार वाईट वाटलं. पुढे कळलं की लोक त्या खड्ड्यासाठीच मला विकत घेतात. मग घासूनपुसून आम्हा सहा भावांना एका खोक्यात निजवलं आणि कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून आम्ही एका घरी पोचलो.

तिथे नऊ वर्षं कपाटात पडून होतो. 'पाहुणे आले की काढू' म्हणे. माणसांचं हे एक मला कधी कळलं नाही. चांगली वस्तू पाहुण्यांसाठी आणि चेपलेली स्वतःसाठी! पाहुणे यायचे, तेव्हा नेमकी कपाटाची किल्ली सापडायची नाही.

मग त्या घरातले यजमान अचानक वारले आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या मालकीणबाईंनी, पुढच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन खानावळ सुरू केली. आमचं खोकं उघडलं. पाच भावांची गत काय सांगू? एक कुणाच्या तरी डब्यातून गेला तो गेलाच. दोघे भाजीच्या सालांबरोबर कचऱ्यात गेले. एकाने रंगाचा डबा उघडता उघडता मान मोडून घेतली. पाचवा आजही खिडकीच्या कडीत अडकवलेला आहे, नाहीतर खिडकी वाऱ्याने आपटते. मी वाचलो, कारण मालकीणबाईंनी मला चाखण्यासाठी निवडलं. तेव्हापासून माझी जागा त्यांच्या एप्रनच्या खिशात.

मालकीणबाईंची जीभ म्हणजे काय सांगावं! एक घोट घेतला की कांदा आजचा की कालचा, ते सांगायच्या. तोऱ्यातही काही कमी नव्हत्या म्हणा. जगात दोनच प्रकारची जेवणं आहेत, असं त्यांचं मत: एक त्यांच्या हातचं, आणि दुसरं मीठ कमी असलेलं.

त्यांची एक मैत्रीण आहे, शाळेपासूनची. ती शिवणकाम करते, म्हणून मी तिला टेलरबाई म्हणतो. अंगाने सुतळीइतकी. दिवसभर तोंडात टाचण्या धरून बसते, त्यामुळे बोलणंही बेताचंच. मालकीणबाई तिला 'टाचणे' म्हणतात आणि ती मालकीणबाईंना 'ढमे'. दोघींची पन्नाशी कधीच उलटली, पण नावं शाळेतलीच राहिली. टेलरबाई रोज दुपारी खानावळीत जेवायच्या आणि काहीही वाढलं तरी 'छान आहे' म्हणायच्या. "हिला भुसा वाढला तरी छानच लागेल," असं मालकीणबाई गिऱ्हाइकांना हसत हसत सांगायच्या.

वर्षातून एकदा दोघी दोन दिवसांसाठी बाहेरगावी जायच्या. नियम ठरलेला: एक गाव, दोन दिवस, चार जेवणं, चार हॉटेलं. देखावे, बागा, पुतळे असलं काही बघायचं नाही. मालकीणबाई पर्समधून मला काढायच्या, पहिला घास चाखायच्या आणि त्यात काय काय पडलंय ते सांगायच्या. टेलरबाईंचं काम म्हणजे आचाऱ्याची तारीफ करायला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायचं आणि फळीवर कुठले डबे आहेत ते पाहून यायचं. शुद्ध मराठीत याला चोरी म्हणतात. त्या दोघी त्याला सहल म्हणायच्या.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. दोन महिन्यांपूर्वी मालकीणबाईंना ताप आला. ताप उतरला आणि जाताना जिभेची चव घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "येईल तेव्हा येईल. कधीकधी येतही नाही." मालकीणबाईंनी हे कुणालाच सांगितलं नाही. मला सांगावं लागलं नाही, मला कळलंच. पूर्वी तोंडात गेलो की जीभ कशी लगबगीने भेटायला यायची. आता गेलो तरी ती तशीच पडून, मेल्यासारखी.

त्या अंदाजाने रांधू लागल्या. एक दिवस आग, एक दिवस अळणी. गणिताचे एक मास्तर एकोणीस वर्षं त्यांच्याकडे जेवत होते, ताट असं चाटूनपुसून ठेवायचे की घासायला नको. ते सलग तीन दिवस अर्धं ताट टाकून उठले. "आज भूक नाही हो," एवढंच म्हणाले. मास्तर भला माणूस, पण खोटं बोलायची सवय नव्हती बिचाऱ्याला. त्या दुपारी मालकीणबाईंनी जागेच्या मालकाला चिठ्ठी लिहिली: पुढच्या महिन्यापासून खानावळ बंद, खोल्या सोडते. चिठ्ठी पर्समध्ये टाकली, शेजारी मला टाकलं आणि टेलरबाईंना फोन केला, "चल गं, यंदाची सहल उरकून टाकू."

'उरकून टाकू' म्हणाल्या तेव्हाच माझं पाणी पाणी झालं. ही शेवटची सहल होती, आणि बरोबर येणारीला त्याचा पत्ता नव्हता.

शनिवारी दुपारी पहिलं हॉटेल, बस थांब्यासमोरचं. खुर्च्या लाल, पंखा कुरकुरणारा. मालकीणबाईंनी मला रश्शात बुडवलं, तोंडात घातलं, डोळे मिटले. तोंडाच्या आत काहीही घडत नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. डोळे उघडून म्हणाल्या, "कांदा जरा करपलाय. आणि मीठ कमी."

कांदा करपलेला मलाही दिसत होता, काळा ठिक्करच होता. मीठ कमी हे तर त्या झोपेतही म्हणाल्या असत्या. टेलरबाईंनी मान डोलावली. निभावलं!

संध्याकाळचं हॉटेल नदीकाठच्या गच्चीवरचं. तिथल्या मेनूत प्रत्येक पदार्थाखाली त्यात काय काय आहे ते छापलं होतं. मालकीणबाईंनी आधी मेनू पाठ केला आणि मग चाखून घडाघडा म्हणून दाखवला. आचाऱ्याने दारातून वाकून नमस्कार केला. टेलरबाई मात्र त्यांच्याकडे जरा टक लावून बघत होत्या. पण तोंडात टाचण्या नसल्या तरी सवय जात नाही, बोलल्या काहीच नाहीत.

रविवारी दुपारी तिसरं हॉटेल. नवराबायको चालवत होते, पाचसहा टेबलं, सगळी भरलेली. आधी सूप आलं. मालकीणबाईंनी मला कामाला लावलं. एक चमचा, दोन चमचे, सहलीचा निरोप घ्यावा तसं मन लावून खात होत्या. बघता बघता वाटी संपली.

"कसं आहे गं?" टेलरबाईंनी विचारलं. त्यांनी एकच घोट घेतला होता आणि वाटी लांब सरकवली होती.

"झकास," मालकीणबाई म्हणाल्या. "मीठ जरा कमी. बाकी तोड नाही."

टेलरबाई हसायला लागल्या. त्यांना वाटलं, ही चेष्टा करतेय. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून एक काका ओरडले, "अहो, हे काय आहे? सुपात साखर?" मग दुसऱ्या टेबलावरून, तिसऱ्या टेबलावरून तेच. नवरा धावत आला. त्याने मिठाऐवजी साखरेचा डबा ओतला होता, तोही सढळ हाताने. प्रत्येक टेबलापुढे कान पकडत वाट्या उचलत तो आमच्यापाशी आला आणि थबकला.

"बाई, तुम्ही तर संपवलंत!" तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, बाईंनी त्याची अब्रू राखली.

टेलरबाईंचं हसू थांबलं. त्या रिकाम्या वाटीकडे बघत राहिल्या, मग मालकीणबाईंकडे.

"ढमे, तुला चव लागत नाहीये."

"काहीतरीच काय!"

"माझ्याकडे बघून सांग."

मालकीणबाईंनी बघायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मग सगळंच बाहेर आलं: ताप, डॉक्टर, मास्तरांचं टाकलेलं ताट. शेवटी पर्समधली चिठ्ठीही टेबलावर आली. टेलरबाईंनी ती वाचली आणि असा आवाज चढवला की हॉटेलवाला पुन्हा माफी मागायला आला.

"दोन महिने? दोन महिने रोज तुझ्यासमोर बसून जेवतेय मी! मला सांगता नाही आलं?"

"काय सांगू? आचाऱ्याची जीभ गेली म्हणून? बावीस वर्षं ह्या जिभेवर घर चाललं. आता कोण चाखणार, तू?"

"हो, मी!"

"तू?" मालकीणबाईंना रडता रडता हसू फुटलं. "अगं बये, तुला सगळंच छान लागतं. बावीस वर्षांत दुसरा शब्द ऐकला नाही तुझ्या तोंडून."

टेलरबाईंनी चिठ्ठीची घडी घातली. मग म्हणाल्या, "खारट असतं."

"काय?"

"तुझं जेवण. पहिल्या दिवसापासून खारट असतं. हे दोन महिने तर कसंही होतं, मला वाटलं तापाचा अशक्तपणा. घरी जाऊन तांब्याभर पाणी पिते मी."

एवढा सन्नाटा मी कपाटातही अनुभवला नव्हता. जीभ गेल्याचं दुःख एकीकडे राहिलं. मालकीणबाईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

"बावीस वर्षं! आणि तू मूग गिळून बसलीस?"

"पहिल्या दिवशी तू वाढत होतीस तेव्हा अर्धा भात ताटाबाहेरच सांडत होता. घरात माणूस जाऊन महिना झाला नव्हता. तू ताट पुढे केलंस आणि विचारलंस, 'जमलं का गं?' मी काय म्हणणार होते, खारट झालंय? म्हटलं, उद्या सांगू. उद्या तू पहिल्यांदा हसलीस. मग राहिलंच."

मालकीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. तो काढला तेव्हा रागावलेल्याच होत्या. अशी माणसं रडणं आणि भांडणं एकाच वेळी करू शकतात.

"तुझ्या जिभेत एवढं असेल तर दाखव. ऊठ!"

चौथं हॉटेल दोन गल्ल्या सोडून होतं. खरं म्हणजे ते रात्रीच्या जेवणाचं ठरलं होतं, पण धीर कुणाला होता? मालकीणबाईंनी मासा मागवला, मला रुमालाने पुसलं आणि पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं. आयुष्यात मी असा कधी घाबरलो नव्हतो. आणि त्या तोंडात गेलो तर काय! केवढी जागी जीभ! कापडावर बोट फिरवून शिवण चाचपावी तशी ती घास चाचपत होती.

"तेल दुसऱ्यांदा तापवलेलं आहे," टेलरबाई म्हणाल्या. "लसूण कच्चा राहिलाय. आंबटपणा लिंबाचा नाही, चिंचेचा. मीठ दोनदा टाकलंय, एकदा आधी आणि एकदा वरून."

मालकीणबाई तडक स्वयंपाकघरात शिरल्या. आचाऱ्याला एकेक गोष्ट विचारली. त्याने घाबरून सगळी कबूल केली, वर विचारलं, "तुम्ही कुठल्या खात्यातून आलात?"

बाहेर येऊन त्या खुर्चीत धपकन बसल्या. "अगं मेले," त्या म्हणाल्या, "ही असली जीभ असून जन्मभर टाचण्या चघळत बसलीस!" आणि चिठ्ठीचे चार तुकडे करून माशाच्या काट्यांवर टाकले.

त्याला आता सात महिने झाले. रोज सकाळी साडेदहाला टेलरबाई दुकानाला कुलूप लावून येतात. मालकीणबाई मला पातेल्यात बुडवतात, पुढे करतात. "थोडं मीठ चालेल," "हळद उग्र झाली," "हे उतरव आता." दोघी भांडतात, भांडता भांडता चहा होतो, चहाबरोबर सगळ्या गावाची खबर होते. पूर्वी टेलरबाई जेवायला यायच्या आणि जेवून जायच्या. आता तासभर बसतात. मास्तर दुसऱ्यांदा भात मागून घेतात. एकोणीस वर्षं ते जेवताना तांब्याभर पाणी प्यायचे. मालकीणबाईंना वाटायचं, शिस्तीचा माणूस, तब्येतीला जपतो. आता तांब्या भरलेलाच राहतो. "बाई, अलीकडे हात बसलाय तुमचा," मास्तर म्हणाले, तेव्हा मालकीणबाईंनी मान किंचित झुकवून सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं. स्वभावाला औषध नाही.

आता मूळ गोष्ट, ज्यासाठी मी तोंड उघडलं.

गेल्या मंगळवारी सकाळी मालकीणबाई एकट्याच होत्या. रस्सा ढवळत होत्या. सवयीने मला बुडवलं आणि स्वतःच्या तोंडात घातलं. आणि जीभ हलली! आधी जरा दबकत, मग धावत आली, पूर्वी यायची तशी. मला तर वाटलं, ओरडावं. मालकीणबाई ओट्याला धरून उभ्या राहिल्या. दुसऱ्यांदा चाखलं, तिसऱ्यांदा चाखलं. कांदा, लसूण, मिरी, सगळं लागत होतं. आणि रस्सा त्यांना अळणी लागला. पार अळणी.

हात आपोआप मिठाच्या बरणीकडे गेला. झाकण उघडलं, चिमूट भरली. त्याच वेळी बाहेर चपला काढल्याचा आवाज आला.

मालकीणबाईंनी चिमूट बरणीत परत सोडली आणि झाकण लावलं. मला नळाखाली धरलं, पुसलं, पातेल्यात बुडवलं.

"काय गं ढमे, कसं झालंय आज?" टेलरबाईंनी आत येत विचारलं.

"मला मेलीला काय कळतंय?" मालकीणबाई म्हणाल्या आणि मला पुढे केलं. "तूच सांग बाई. तुझ्याशिवाय माझं पान हलतं का?"

टेलरबाईंनी चाखलं, "बरोबर आहे" म्हणाल्या, स्टूल ओढलं आणि चहाचं आधण ठेवायला सांगितलं.

मी दोघींच्या तोंडात जातो. एकीचं दुसरीला सांगणं माझ्या धर्मात बसत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोललो. एवढी विनंती करतो: कधी आमच्या खानावळीत जेवायला आलात आणि रस्सा अळणी वाटला, तर बरणी मागून वरून मीठ घ्या. मालकीणबाईंना मात्र सांगायला जाऊ नका. त्यांना ते माहीत आहे.