ग्रुपवर गेलेला धवला

गोजराने फोनवर बोट दाबून धरलं, घसा खाकरला आणि गायला लागली. आधी गणपती, मग एकवीरा आई, मग जेजुरीचा खंडोबा, असं एकेका देवाचं नाव घेऊन त्यांना लग्नाला बोलावलं आणि बोट सोडलं. फोनने टुणकन आवाज केला. झालं काम! आता तिच्या मैत्रिणीने, पुतळाने ऐकावं आणि पुढची ओळ झेलावी, एवढंच तिला हवं होतं.

पण ते गाणं पुतळाकडे गेलंच नाही.

त्याचं असं झालं, गोजराला वाचता येत नाही. सून उन्नतीने तिला फोन शिकवला तो चेहऱ्यांवरून. "ज्याच्याशी बोलायचंय त्याचं तोंड शोधायचं आई, आणि दाबायचं. बस." शिकायला सोपं होतं. अडचण एवढीच की पुतळाने आपल्या नावापुढे स्वतःचा नाही, नातवाचा फोटो लावलेला, तोही काळा चष्मा घालून बाइकवर बसलेला. आणि गावातल्या बचत गटाच्या ग्रुपवर जो फोटो होता, त्यात वाशीच्या प्रदर्शनात सगळ्या जणी रांगेत उभ्या होत्या अन् सगळ्यांच्या पुढे, हिरव्या लुगड्यात, दात काढून पुतळा! गोजराने मैत्रिणीचं तोंड अगदी बरोबर ओळखलं आणि तेच दाबलं. धवला गेला गटातल्या झाडून सगळ्या बायकांना.

धवला म्हणजे लग्नातलं गाणं. उरणच्या अलीकडे, खाडीकाठच्या त्यांच्या गावात भटजी उशिरा आला तरी चालतं, धवलारणी उशिरा आल्या तर नवरीची आई रडायला लागते. हे गाणं एकटीने म्हणायचं नसतं. एकीने ओळ टाकायची, दुसरीने झेलून पुढे न्यायची. मिठागरावर कामाला जायच्या तेव्हापासून गोजरा आणि पुतळा ही जोडी. मिठागरं गेली, तिथे कंटेनरची गोदामं उभी राहिली, तरी जोडी तशीच राहिली. मग पुतळा मोरीत घसरली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि तिचा मुलगा हरेश तिला करंजाडेला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. नवी सोसायटी, वरचा मजला, शेजारच्या दाराला कुलूप.

तेव्हापासून पुतळा फोनवर येईना. उन्नतीने लावून दिलेला फोन हरेशच उचलायचा. "आत्ये, आई झोपलीय." सकाळी झोपलीय, संध्याकाळी झोपलीय. गोजराला कळेना, माणूस इतकं झोपतं तरी कसं? जिच्या तोंडाला कधी खीळ नसायची, अशी बाई गप्प झाली म्हणजे ती आतून खचत चालली, एवढं गोजराला समजत होतं. पुतळा अशीच भिंतीकडे तोंड करून संपून जाईल, असं तिला वाटायचं. बोलत नसेल तर गाऊन बघू, म्हणून तिने धवला म्हटला आणि तो भलतीकडेच गेला.

ग्रुपची ॲडमिन नमिता. तिचा कारभार कडक. गुड मॉर्निंगची फुलं चालायची नाहीत, देवांचे फॉरवर्ड चालायचे नाहीत. इथे तर गोजराने साक्षात देवच पाठवले होते. आता आपली चंपी होणार म्हणून ती फोन पालथा घालून बसली.

तेवढ्यात फोन वाजला. उरणच्या बाजारात सुकी मासळी विकणारी दत्तूची आई. मागे गिऱ्हाईक ओरडतंय, "बोंबील कसे दिले?" आणि ही बाई त्याला सोडून झेलतेय! पाठोपाठ तिचा खुलासा. "आता देवांना बोलावलंय तर अर्ध्या वाटेत कसं उभं ठेवायचं गो? मी आपली पुढं नेली."

मग आणखी एकीने झेललं. मग तिसरीने. कुणाच्या मागे मिक्सर, कुणाच्या मागे रडतं पोर, एकीच्या मागे तर नवरा, "अगो, गॅसवर दूध!" ज्या बायका मीटिंगचा निरोप आला की अंगठ्याचं चित्र टाकून मोकळ्या व्हायच्या, त्यांच्या गळ्यात इतकं गाणं आहे हे गोजराला आजवर माहीत नव्हतं. ती खुळ्यासारखी हसत ऐकत बसली. शेवटी नमिता आली. "बरं, चालू दे. पन दुपारचंच. आनि मीटिंगच्या दिवशी नाय."

तेव्हापासून दुपार झाली की गोजरा ओळ टाकायची आणि बाकीच्या झेलायच्या. गोदामात कामाला जाणाऱ्या पोरी डबा खाताना कानात वायर घालून ऐकायच्या आणि शब्द विचारायच्या. लग्न होऊन पनवेलकडे गेलेल्या लेकींनी 'आम्हाला पण घ्या' म्हणून धोशा लावला, नमिताने त्यांनाही घेतलं.

"पुतळाने आयकलं का?" गोजरा रोज सुनेला विचारायची.

उन्नती दोन-तीनदा कुठेकुठे दाबून बघायची. "ऐकलंय, आई. हे बघा, निळं झालंय. सगळ्यांच्या आधी त्याच ऐकतात."

"मंग बोलत का नाय?"

ते काही फोनमध्ये दिसत नव्हतं.

पुढे नमिताच्या मुलीचं लग्न ठरलं. मांडवात आधी धवला, मग डीजे, असं ग्रुपवर ठरलं. गोजरा अडून बसली. जोडीदारीण नाही, मी कशी येऊ? तर एक पोरगी म्हणाली, "मावशी, टेन्शन कशाला घेता? आमी हाव ना झेलायला!" त्यावर सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. गोजराला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती अंगणात कोलंबी सोलत होती. फोन वाजला, पुतळाच्या नातवाचा बाइकवाला फोटो चमकला. तिने ओल्याच हाताने दाबलं.

"गप बसा सगल्या!" पुतळा ग्रुपवर कडाडली. "कवाची आयकतंय. म्हटलं आज बोलवतील, उद्या बोलवतील. गनपती आला, एकवीरा आली, खंडोबा त्या जेजुरीवरनं आला, आन आपली गावदेवी? ती वेशीवरच उभी! तिच्या दारावरनं वरात नेनार आन तिलाच बोलवनं नाय? लाज हाय का?"

आणि तिने गावदेवीची ओळ म्हटली. आवाज बारीक झाला होता, मध्ये दोनदा दम तुटला, पण चाल जिथल्या तिथे.  ग्रुपवर ती ओळ कुणी झेलली नाही.

गोजराने हात पुसले आणि सरळ त्याच फोटोवर फोन लावला. या वेळी हरेशने नाही, पुतळानेच उचलला.

"झाली का झोप?" गोजराने विचारलं.

"झोप कसली. पंखा बघत परलंय." पुतळा मग म्हणाली, "पयल्या दिशी तुझा आवाज आयकला, मी तोंड उघरलं व्हतं झेलायला. तवर दत्तूच्या आयशीनं झेललं. मंग दुसरीनं. काल ती पोर बोलली, आमी हाव ना. मना वाटलं, चला, सुटली गोजरा. माझ्यावाचून कुनाचं अरत नाय आता."

 इतके दिवस गोजराला वाटत होतं की बायका जमल्या म्हणजे पुतळाला बरं वाटेल, एकटं वाटणार नाही. त्याच बायकांच्या आवाजात पुतळाला आपली जागा भरलेली ऐकू येत होती, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिला स्वतःचा राग आला आणि रडूही आलं.

"पोरींचं मना समजतं," पुतळा म्हणाली. "त्यांना काय ठावं? पन तू? तू गावदेवीला कशी इसरलीस गो?"

"इसरली नाय." गोजराने पदराने नाक पुसलं. "मना ती ओल येतच नाय. बाहेरचे सगले देव मी आनायची आन शेवटाला गावच्या आईला तू आनायचीस. उभ्या जल्मात मी ती कवा म्हटलीय? खंडोबा झाला की मी दम घ्यायला थांबते. तुझ्यासाठी थांबते. आन या बाया समजतात, संपलं, आन पुढं झेलतात."

 पलीकडून पुतळाचं हुंदके देऊन रडणं ऐकू आलं, अगदी मोकळं, लपवाछपवी न करता. गोजराही रडली. शेजारची मांजर कोलंबीला तोंड लावून गेली, तरी तिने शुक् म्हटलं नाही.

"गोजरे," पुतळा म्हणाली, "ती ओल तू शिकू नको. लग्नाला मी येतंय."