बटाट्यातलं पाप

"बघा, विष निघालं!"

फेसमहाराजांनी कुपी तिरकी केली आणि आबांच्या तळपायाच्या जखमेवर पांढरा फेस उसळला. सभागृहातल्या दोनेकशे लोकांनी हात जोडले. आबांचा पाय घट्ट धरून बसलेल्या त्यांच्या मुलीनेही मनातल्या मनात जोडले.

ती कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. आबा शिंपी, त्यात मधुमेह. पाय गेला तर शिलाई मशीन कोण चालवणार, या धास्तीनं तिची झोप उडाली होती. "फेस येतोय तोवर विष आणि पाप दोन्ही आहेत. दिवसातून चारदा टाका," महाराजांनी कुपी हाती देत बजावलं. तीन आठवडे तिनं नेमानं टाकलं. फेस काही थांबेना, जखम मात्र काळी पडत चालली.

एका सकाळी कँटीनच्या ओट्यावर तिच्या पिशवीतली ती कुपी लवंडली आणि बटाट्याच्या कच्च्या फोडी फसफसून उठल्या. बटाट्यात कुठलं आलं विष? ती तडक आबांना घेऊन दवाखान्यात गेली.

"हे हायड्रोजन पेरॉक्साइड," डॉक्टरीणबाई कुपी तपासून म्हणाल्या. "ताज्या पेशींतलं एक द्रव्य यातला प्राणवायू मोकळा करतं, तोच फेस. उकडलं की ते द्रव्य निकामी होतं. बरं, तेल फार दिवस उघडं राहिलं तर?"

"खवट होतं."

"प्राणवायूमुळेच. आपल्या प्रत्येक पेशीभोवती लांब शेपट्यांच्या स्निग्ध रेणूंचा पडदा असतो. या औषधानं त्याचंही तसंच होतं. रेणूंच्या शेपट्या वाकतात, तुटतात, पडदा गळका होतो, पेशी मरते. जखम भरायला आलेल्या नव्या पेशी तुम्ही रोज चारदा मारत होतात."

आबांची दोन बोटं कापावी लागली. पाय वाचला.

महाराजांच्या पुढच्या दरबारात ती एक कच्चा, एक उकडलेला असे दोन चिरलेले बटाटे घेऊन उभी राहिली. कच्च्यावर कुपीतला थेंब पडताच फेस आला.

"मातीचं पाप!" महाराज गरजले.

तिनं उकडलेल्यावर टाकला. काहीच झालं नाही.

"मग हे पाप कुकरच्या तीन शिट्ट्यांत धुतलं गेलं का, महाराज?"

कोणीतरी फिसकन हसलं. तिला मात्र हसू येईना.

"आबा कळवळत होते आणि मी त्यांचा पाय धरून ठेवला होता," ती लोकांना म्हणाली. "तुम्ही असं करू नका. फेस बघू नका, जखम बघा. बरी होत नसेल तर डॉक्टरांकडे जा."

पहिल्या रांगेतल्या बाईनं महाराजांपुढे धरलेला नवऱ्याचा जखमी हात मागे ओढून घेतला.