लिलीचं पाणी

सासूबाईंच्या बोक्याचं नाव मुकादम. दिवसभर लोळायचा, पण घरात कुणी वस्तू हलवली की तपासणीला हजर. मुलाकडे कायमचं राहायला येताना त्यांनी दोन बॅगा आणल्या आणि हा मुकादम.

सुनेचं फुलांचं दुकान होतं. बाई मनाने चांगली, उरलेली लिली घरी आणून बैठकीत सजवायची. जनावरांच्या डॉक्टरांनी सासूबाईंना बजावलं होतं, की लिलीचं पान चाटलं तरी मांजराची मूत्रपिंडं जातात. त्यांनी भीत भीत सुनेच्या कानावर घातलं.

सून हसली. "आई, मी फुलांतले परागांचे केसर चिमटीने काढूनच आणते. डाग पडू नयेत म्हणून दुकानात तसंच करतो आम्ही. परागच नाहीत, तर विष कुठून येणार?"

दुसऱ्यांदा सांगायला जीभ रेटेना. घर त्यांचं, फुलं त्यांची, आपण पडलो आश्रित. मग त्यांनी बोक्याला आपल्या खोलीत कोंडलं. तो दाराशी असा टाहो फोडायचा, की त्याही आतच बसू लागल्या. चहा आत, जेवण आत, टीव्ही भिंतीपलीकडून ऐकायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मुलाला वाटलं, आई रुसली. दोन महिन्यांत त्या दहा बाय दहाच्या खोलीत दोन्ही जीव घुसमटून गेले.

एका दुपारी सासूबाई अंघोळ करून आल्या, तर त्यांच्या टेबलावर लिलीची बरणी, आणि मुकादम तिच्यात तोंड घालून लपलप पाणी पितोय. दारात सून कौतुकाने उभी.

"तुम्ही बाहेर येत नाही ना, म्हणून फुलंच तुमच्याकडे आणली."

केसर अगदी निगुतीने काढलेले होते.

"ते पाणीही विषारीच," दवाखान्यात सलाईन लावताना डॉक्टर म्हणाले. "तीन दिवस बघू. लघवी होत राहिली तर वाचेल."

तीन दिवस सासूबाई बाकावर बसून बोक्याच्या मुतण्याची वाट बघत होत्या. देवाकडे इतकं कळवळून त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. शेजारी सून डोळे पुसत होती.

"आई, ओरडून का नाही सांगितलंत मला?"

ओरडायला घर आपलं लागतं गं, हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"राहून गेलं," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या संध्याकाळी मुकादमाने सगळी गादी भिजवली, आणि सुनेने आनंदाने डॉक्टरांचाच हात धरला. घरी येताच तिने सगळी लिली पिशवीत कोंबून बाहेर टाकली, बरण्या घासल्या, फरशी पुसली.

सासूबाई बोक्याला उराशी धरून खोलीत गेल्या आणि सवयीने कडी लावली.

"आई, आता एकही फूल नाही घरात," बाहेरून सून म्हणाली. "दार उघडा ना."

मुकादम उडी मारून दाराशी गेला आणि ओरडू लागला. सासूबाईंनी कडीवर हात ठेवला. बाहेर जाऊन बसायचं कुठे, हेच त्यांना आठवेना.