उजव्या गालावरच्या जखमा

तांब्याचा तो थेंब मसुराच्या दाण्याएवढा होता. लांपिसने तो तळहातावर अंगठ्याने फिरवून पाहिला... लाल. कांशाच्या पिवळसर गालात ठोकून बसवला की रक्तच वाटेल, आत्ता फुटलेलं, अजून ओघळणारं — आणि कुणालाही ते पुसता येणार नाही.

समोर लाकडी घोडीवर आवळून ठेवलेलं पुतळ्याचं डोकं होतं, मुष्टियोद्धा अल्कोनचं. आत पोकळ, डोळ्यांच्या जागी दोन भोकं. पांढऱ्या दगडाचे डोळे सगळ्यात शेवटी बसायचे. आणि त्यापलीकडे बाकावर अल्कोन स्वतः, ऑलिव्ह चघळत, ताठ बसलेला. नेमेआच्या खेळांत मुष्टियुद्धाच्या मैदानावर तो जिंकला म्हणून सिक्योन शहर त्याचा पुतळा उभारत होतं.

लांपिसने छिन्नी गालावर टेकवून हातोडी हाणली. या जखमा त्याने आधी मेणाच्या चेहऱ्यावर कोरल्या होत्या. मग वर मातीचं लिंपण, मग भट्टी, मेण वितळून वाहून गेलं आणि त्याने सोडलेल्या जागेत उकळतं कांसं शिरलं. जखमा तशाच राहिल्या. चारही उजव्या बाजूला, कारण मिक्कोस डावखुरा होता. माझा धाकटा भाऊ डावखुरा होता... चामड्याच्या वाद्या गुंडाळलेल्या त्या डाव्या मुठीने त्याने या माणसाचं तोंड फोडलं, आणि मग त्याच्याच कानशिलावर याचा एक ठोसा बसला आणि मिक्कोस वाळूत पडला, नाकातून रक्त, कानातून रक्त, पाय झाडत — संध्याकाळपर्यंत संपला. जगात त्याचं म्हणून उरलं ते एवढंच. चार जखमा.

"म्हातारबा, बुजवून टाक ना त्या," अल्कोन म्हणाला. "ओतताना भोक पडलं की ठिगळ मारताच की तुम्ही लोक. आई विचारते, हा जिंकलेल्याचा पुतळा की मार खाल्लेल्याचा?"

"खाल्लाच होतास मार."

"खाल्ला," अल्कोन हसला. त्याचे पुढचे दोन दात नव्हते. "तुझ्या भावाचा हात म्हणजे गाढवाची लाथ!"

नरडं हातभर अंतरावर होतं. गिळताना वरखाली होत होतं. कांसं कापणाऱ्या छिन्नीला तिथे एक ठोका पुरे... जखमा बुजवायला सांगतोस? वर्षभर लांपिस रोज याच ठोक्यापाशी येऊन थांबत होता. आज हात थांबेल असं वाटेना.

"एक सांगू?" अल्कोनने बी थुंकली. "त्याचं बोट वर जात होतं."

छिन्नी हवेतच राहिली. बोट वर करणं म्हणजे हरलो; त्यानंतर मारायचं नाही.

"मी मूठ आवरली होती, देवाशपथ. तेवढ्यात माझ्या मागे गर्दीतून कुणीतरी बोंबललं — 'बोट खाली! घराण्याला लाज आणतोस?' त्याने तिकडे पाहिलं, बोट दुमडलं आणि आला अंगावर धावून. मग मी काय करायचं? कोण होता रे तो हरामखोर? सापडला तर बत्तिशी पाडीन त्याची."

हजार माणसं ओरडत होती. हजारांतला एक आवाज, कुणाचाही असेल, असं लांपिसने ठरवून टाकलं होतं... पण मिक्कोसने पाहिलं होतं ते माझ्याकडे. सुजून बंद होत आलेल्या डोळ्याच्या फटीतून, नेमकं माझ्याकडे. पुढे दोन दिवस माझा घसा बसला होता. शेजारणी म्हणाल्या, रडून बसला.

"ठाऊक नाही," तो म्हणाला.

आणि हातोडी खाली आली. पोकळ डोकं घणघणलं. पुन्हा. छिन्नी जखमेतून घसरली, नाकावर ओरखडा उठला, तरी तो हाणत राहिला.

"अरे, हळू! तोंड माझं आहे ते!" अल्कोन ओरडला.

लांपिसला ते ऐकू आलं नाही. वर्षभर छातीशी धरलेला खून अजून तिथेच होता, तेवढाच तापलेला. फक्त आता त्याने तोंड फिरवलं होतं, आणि तो लांपिसकडे बघत होता.