बाई विसरत नाहीत

बाईंनी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या आपल्या वर्गातल्या एकाही मुलाचा चेहरा विसरल्या नाहीत. हे त्या भाजीवाल्याला सांगत, दातांच्या डॉक्टरला तोंडात कापूस असताना सांगत. घरी नातवाला दिवसातून तीनदा मुलाच्या नावाने हाक मारत, पण सुनेने ते काढलं की म्हणत, "घरचं वेगळं."

समोरच्या औषधवाल्याचा भरदुपारी खून झाला, तेव्हा बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. खरं सांगायचं तर त्यांना दिसलं ते एवढंच: दुकानातून एक माणूस पळत आला, निळा शर्ट, एक कान, आणि कोपऱ्यावरून दिसेनासा झाला. पहिल्या दिवशी इन्स्पेक्टरला त्या म्हणाल्या, "उंच असावा बहुतेक." पण मग शेजारपाजारची माणसं विचारायला येऊ लागली, आणि आलेल्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचा बाईंचा स्वभाव नव्हता. आठवड्याभरात त्या माणसाला नाक आलं, जबडा आला, पळताना त्याने बाईंकडे वळून पाहिलंही.

ओळख परेडला सात जण उभे होते. चौथ्यापाशी बाई थांबल्या. हा चेहरा त्यांनी पाहिलेला होता, शंकाच नको. तो बाईंकडे बघून जरासा हसला.

"हाच," बाई म्हणाल्या. "आणि हसतोय बघा निर्लज्ज!"

तो लिफ्ट दुरुस्त करणारा होता. औषधवाल्याशी त्याची आदल्या दिवशी बाचाबाची झाली होती, म्हणून पोलिसांनी उचललेला. खुनाच्या वेळी तो गावाच्या दुसऱ्या टोकाला एका लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता, पण खड्ड्यात त्याला पाहणार कोण? कोर्टात तो हात जोडून म्हणाला, "बाई, मी तुमचा विद्यार्थी हो. चौथीत तुमच्या वर्गात होतो. वाटलं, तुम्ही ओळखलंत, म्हणून हसलो."

त्याच्या वकिलाने ते लगेच उचलून धरलं. चेहरा ओळखीचा वाटला तो वर्गातला, खुनाच्या दिवशीचा नव्हे. मुद्दा बिनतोड होता. पण शाळेची जुनी हजेरीपुस्तकं केव्हाच पुराच्या पाण्यात गेली होती, तेव्हा सगळं बाईंच्या शब्दावर येऊन ठेपलं.

बाई संतापल्या. खून झाला तेव्हाही आला नव्हता इतका राग त्यांना आला. "माझा विद्यार्थी असता तर मी ओळखला नसता? एक वेळ मी माझं नाव विसरेन! हा माझ्या वर्गात कधीच नव्हता. मी याला पाहिलं ते त्या दुपारी."

बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लिफ्टवाल्याला जन्मठेप झाली. एक मुलगा आपण विसरलो, एवढं कबूल करण्यापेक्षा एक माणूस जन्मभर आत गेलेला बाईंना परवडला. आणि संताप याचा येतो की बाई खोटं बोलत नव्हत्या.

दीड वर्षाने त्याची बायको दारात उभी राहिली. सुनेने पाणी दिलं, ते तिने तसंच हातात धरून ठेवलं. मग पिशवीतून वर्गाचा जुना फोटो काढला. नवऱ्याचा एक वर्गमित्र हुडकून तिने तो मिळवला होता. खाली छापील नावं. पहिल्या रांगेत तो, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या तरुण बाई.

"सोमवारी अपील आहे, बाई. वकील म्हणतात, हा तुमच्या वर्गात होता, आणि त्याचा चेहरा म्हणूनच ओळखीचा वाटला असेल, एवढं तुम्ही लिहून दिलंत तर तो सुटेल. तुम्हाला कोणी दोष देत नाही. माणूस आहे, विसरतं."

हे शेवटचं तिने बोलायला नको होतं.

बाईंनी चष्मा लावला, फोटो खिडकीपाशी नेला. सुनेला वाटलं, सासूबाई आता कोसळणार. ती हात द्यायला पुढेही झाली. पण बाईंचा चेहरा उजळला.

"आठवला! अगं, विसरेन कशी? मागच्या बाकावर बसायचा. पोरांच्या पेन्सिली चोरायचा. एकदा तर कुणाच्या तरी हातात कंपासचं टोक खुपसलं होतं याने. रक्त आलं होतं!"

"तो नव्हे हो, बाई," बायको कळवळून म्हणाली. "त्याला तुम्ही नवी वही दिली होतीत. अजून सांगतो तो, भेटायला गेलं की."

"तो सांगेल गं काहीही. हा खांद्यावरचा हात दिसतोय ना? तो लाडाने नाही ठेवलेला. पळून जाऊ नये म्हणून धरलाय."

बायकोने फोटोसाठी हात पुढे केला. बाईंनी तो दिला नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. तेव्हाच याला वळण लावलं असतं तर बिचारा औषधवाला आज जिवंत असता, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"लिहून कशाला देऊ?" पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या. "सोमवारी मी स्वतःच येते. आता मला सगळं लख्ख आठवतंय."